पाचव्या पोत्यापासून पुढे : ऑस्ट्रियन संप्रदायावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा मिळाला. पेन्सिल घेऊन वाचायला बसलो, पण समासात इतकं लिहून झालं की शेवटी सरळ पत्रच लिहावं असं वाटलं. ऑस्ट्रियन संप्रदायातला, म्हणजे व्हिएन्नात मेंगरपासून सुरू झालेल्या अर्थशास्त्राच्या परंपरेतला, व्यक्तिनिष्ठ विचार (वस्तूचं मोल तिच्यात नसतं, माणूस तिला काय समजतो त्यावर ठरतं) कसा वाढत गेला हा विषय तू जीव लावून निवडला आहेस, हे ओळीओळीत दिसतं. म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

पहिल्याच वाक्याला माझी हरकत आहे. ‘१८७१ साली मेंगर, जेव्हन्स आणि वालरास यांनी सीमांत उपयोगितेचा शोध लावला आणि व्यक्तिनिष्ठ मूल्यविचाराचा जन्म झाला,’ असं तू म्हणतोस. वालरासच्या ग्रंथाचा पहिला भाग १८७४ चा आहे, ती दुरुस्ती किरकोळ. पण सीमांत उपयोगिता, म्हणजे हाताशी असलेल्यातल्या शेवटच्या नगाचा उपयोग, आली की व्यक्तिनिष्ठ विचार आलाच, असं तू गृहीत धरलं आहेस आणि ते तसंच राहिलं तर पुढची सगळी प्रकरणं डळमळतील. जेव्हन्सला सुखदुःखाचं गणित मांडायचं होतं. वालरासला सगळ्या बाजारांचा समतोल एकाच वेळी दाखवणारी समीकरणं हवी होती. दोघांनाही सीमांत उपयोगिता लागली, पण ती माणसाच्या आवडीनिवडीची नोंद म्हणून. एकदा नोंद करून घेतली की त्या माणसाचं पुढे काही काम उरत नाही. लोझानच्या विद्यापीठात वालरासच्या जागी आलेल्या पारेतोने तर १९०६ च्या आपल्या ग्रंथात हे उघडच लिहिलं: माणसाने आवडीनिवडींचं छायाचित्र आपल्याकडे ठेवून जावं, मग तो स्वतः नसला तरी चालेल.

मेंगरच्या अर्थशास्त्रातून माणसाला असं घालवता येत नाही. त्याला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, त्याची समजूत कुठे चुकते, उद्याची तरतूद तो कशी करतो, हे सगळं त्या मांडणीच्या पोटातच आहे. १८८४ साली वालरासला लिहिलेल्या पत्रात मेंगर गणिती पद्धतीबद्दल हेच सांगतो: त्याला राशींमधले संबंध मांडून थांबायचं नव्हतं, मूल्य, खंड, नफा या गोष्टी मुळात काय आहेत हे शोधायचं होतं. तुझा प्रबंध या फरकापासून सुरू कर. पाठ्यपुस्तकांनी तिघांना एकाच ओळीत बसवलं याचं एक साधं कारण असं की मेंगरच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९५० साली आला. तोवर इंग्रजी वाचकांना तो बहुतेक दुसऱ्यांच्या तोंडूनच कळत होता.

मेंगर मुळात कायद्याचा माणूस. जन्म १८४०, गॅलिशियातला. ते गाव आज पोलंडमध्ये नोवी सॉन्च या नावाने आहे. डॉक्टरेट क्राकोची. मग काही वर्षं वृत्तपत्रात. ‘वीनर त्साइटुंग’ या व्हिएन्नाच्या सरकारी वृत्तपत्रासाठी बाजाराचे अहवाल लिहिताना त्याच्या लक्षात आलं की भाव कशाने ठरतो हे बाजारात मुरलेली माणसं जे सांगतात, ते ग्रंथांतल्या किंमतीच्या सिद्धांताशी जुळत नाही. ही हकीकत त्याने पुढे आपल्या अनुयायाला, वीझरला, सांगितली. ती आख्यायिका म्हणून एका ओळीत उरकू नकोस. व्यवहार करणाऱ्या माणसाला प्रसंग कसा दिसतो तिथून सुरुवात करायची, ही जी पद्धत पुढे शंभर वर्षं टिकली, तिचं मूळ मला तिथे दिसतं.

१८७१ च्या त्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण सावकाश वाच. एखादी गोष्ट उपयोगाची वस्तू केव्हा ठरते, याच्या चार अटी मेंगर सांगतो. माणसाची एखादी गरज हवी. ती भागवण्याचा गुण त्या गोष्टीत हवा. हा संबंध माणसाला कळलेला हवा. आणि ती गोष्ट त्याच्या ताब्यात हवी, निदान गरजेच्या वेळी वापरता यावी अशी. यातल्या तिसऱ्या अटीखाली जाड रेघ ओढ. वस्तू ‘वस्तू’ होण्यासाठी ज्ञान लागतं, हे मेंगरने १८७१ सालीच लिहून ठेवलंय. पुढच्या पिढ्यांतल्या हायेकचं सगळं काम या अटीतून फुटलेलं आहे असं म्हटलं तरी ते वावगं होणार नाही. मग तंबाखूचं उदाहरण बघ. समज, लोकांची तंबाखूची आवड एकाएकी गेली. तयार माल तर वाया जाईलच, पण कच्चं पान, बियाणं, ती तयार करायची अवजारं, त्या कामाचं खास कसब, हे सगळंही निरुपयोगी होईल. पानात रासायनिक फरक तसूभरही झालेला नाही. बदललं ते माणसाच्या मनात, आणि त्या बदलाची लाट उलट्या दिशेने मळ्यापर्यंत पोहोचली.

पण मेंगरला डोक्यावर घेऊ नकोस. ताईत, वशीकरणाची औषधं, नसलेल्या रोगावरचे उपचार यांना त्याने ‘काल्पनिक वस्तूं’च्या वेगळ्या कप्प्यात टाकलं आणि समाज जसा सुधारेल तशा त्या कमी होतील असं म्हटलं. म्हणजे खरी गरज कुठली आणि खोटी कुठली, हे निरीक्षक ठरवणार. त्याच परंपरेतल्या मीझेसने १९३३ च्या आपल्या पद्धतिविषयक लेखसंग्रहात या भेदावर बोट ठेवलं: ताईत विकत घेणारा माणूस पैसे मोजतो ते त्याच्या समजुतीप्रमाणे, आणि भाव समजायचा तर ती समजूतच धरून चालावं लागतं. हा मुद्दा तुझ्या आराखड्यात कुठेच नाही. तो आणलास तर प्रबंधाला धागा मिळेल. या संप्रदायात प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचा व्यक्तिनिष्ठ विचार कुठे थांबला ते दाखवून एक पाऊल पुढे टाकलेलं आहे. तुझा प्रबंध ही पावलं मोजणारा व्हावा अशी माझी इच्छा आहे.

आता मेंगरनंतरच्या पिढीतला ब्योम-बावेर्क. त्याच्या भांडवलावरच्या ग्रंथातलं पाच पोत्यांचं उदाहरण तू एका वाक्यात संपवलंस. ते पूर्ण मांड, कारण व्यक्तिनिष्ठ मूल्य वाचकाला हाताने चाचपून बघता येईल अशी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. घनदाट जंगलात एका वसाहतवाल्याची एकटी झोपडी. नुकतंच पीक निघालंय, धान्याची पाच पोती भरली आहेत, आणि पुढच्या सुगीपर्यंत एवढ्यावरच भागवायचंय. माणूस हिशेबी आहे. एक पोतं निव्वळ जीव जगवण्यासाठी. दुसरं पोटभर खाऊन अंगात ताकद राहावी म्हणून. भाकरी याहून जास्त नको, पण थोडं मांस मिळालं तर बरं, म्हणून तिसरं कोंबड्यांना. चौथ्याची दारू गाळायची. पाचव्याचं काय करावं हे त्याला सुचत नाही, तेव्हा तो ते पोपटांना घालायचं ठरवतो. त्यांच्या लीला बघायला त्याला आवडतं.

आता एक पोतं गेलं. तो काय करेल? पाचही कामांत एक पंचमांश काटछाट करेल का? मुळीच नाही. पोपटांना नकार मिळेल आणि बाकी सगळं तसंच चालेल. पोती एकसारखी आहेत, तेव्हा कुठलंही पोतं गेलं तरी गमावलं जातं ते पोपटांचं सुख. म्हणून पाच पोती असताना प्रत्येक पोत्याचं मूल्य पोपटांएवढं. अजून तीन गेली, एकच उरलं, की त्या एका पोत्याचं मूल्य जिवाएवढं. धान्य तेच, पोतं तेच, ते पिकवायला गाळलेला घामही तेवढाच. ॲडम स्मिथने १७७६ साली जे कोडं मांडलं होतं, की पाणी इतकं उपयोगी असून त्याच्या बदल्यात जवळपास काही मिळत नाही आणि हिऱ्याचा उपयोग फारसा नसून त्याला इतकं मोल, ते इथे सुटतं. ‘धान्य’ या जातीचं मूल्य कुणी करत नसतं. माणसापुढे प्रश्न असतो तो या पोत्याचा, आत्ता, इतकी पोती शिल्लक असताना.

आणि हे इतक्या सुंदर रीतीने समजावणारा ब्योम-बावेर्कच दोन ठिकाणी मागे सरकला. एक म्हणजे समाधानाची तीव्रता मोजता येते, एक सुख दुसऱ्याच्या किती पट आहे हे सांगता येतं, असं तो मानत राहिला. फ्रांत्स चुहेल या चेक अभ्यासकाने १९०७ साली गरजांवरच्या ग्रंथात त्याला हटकलं, आणि १९१२ साली मीझेसने चुहेलची बाजू घेतली: माणूस क्रम लावतो, मोजमाप करत नाही. दुसरी जागा भांडवलाची. उत्पादनाच्या ‘सरासरी कालावधी’ने, म्हणजे साधन लावल्यापासून तयार माल हाती येईपर्यंत सरासरी किती काळ जातो त्याने, भांडवल मोजायचा त्याचा प्रयत्न हा माणसाच्या योजनेतून उठून पुन्हा जड वस्तूंच्या बेरजेकडे गेलेला आहे. ब्योम-बावेर्कचा विद्यार्थी शुंपेटर याने नोंदवून ठेवलंय की खुद्द मेंगर या सिद्धांताला अर्थशास्त्रातल्या मोठ्यात मोठ्या चुकांपैकी एक मानत असे. ‘संस्थापकांची एकमुखी परंपरा’ असा शब्दप्रयोग तू केला आहेस, तो काढून टाक.

वीझरला तू परिच्छेदभर जागा दिलीस; त्याला खरं तर अर्धं प्रकरण हवं. सीमांत उपयोगितेसाठीचा ‘ग्रेंत्सनुट्झेन’ हा जर्मन शब्द १८८४ साली त्याने रूढ केला हे सगळे सांगतात, पण त्याची मोठी कामगिरी खर्चाबद्दलची आहे. खर्च म्हणजे श्रम, घाम, भूतकाळात गेलेली काहीतरी भौतिक गोष्ट, अशी रिकार्डोपासूनची समजूत होती. वीझर म्हणाला, साधन इकडे लावलं म्हणून दुसरीकडचं जे हातचं गेलं, तो खर्च. मागणीच्या बाजूला मन आणि पुरवठ्याच्या बाजूला दगडमाती, अशी जी वाटणी इंग्लंडच्या मार्शलने पुढे, मागणी आणि पुरवठा ही भाव ठरवणाऱ्या कात्रीची दोन पाती असं म्हणून, लोकप्रिय केली, ती या विचारापुढे टिकत नाही. दोन्ही पाती एकाच धातूची निघतात.

तुझ्या शेवटच्या प्रकरणाचं इथेच बोलून घेतो, कारण ते या मुद्द्यावर उभं आहे. निफाड तालुक्यातल्या कांदा उत्पादकांच्या निर्णयांवर तू क्षेत्रीय काम करणार आहेस, आणि प्रश्नावलीत बियाणं, खतं, मजुरी, वाहतूक असे रकाने आखून ‘एकूण उत्पादन खर्च’ काढला आहेस. हा हिशेब खोटा नाही, सरकारला आणि बँकेला तो लागतोच. पण एप्रिल-मे महिन्यात उन्हाळी कांदा काढून झाल्यावर, तो आत्ताच लासलगावला नेऊन विकायचा की चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, भरायचा हे ठरवणाऱ्या शेतकऱ्यासमोर तो हिशेब नसतोच. खत जमिनीत गेलेलं आहे, मजुरी देऊन झाली आहे. त्याच्यासमोर असतं ते असं: आज हातात येणारे पैसे, त्यातून फिटणारं देणं, मुलीच्या प्रवेशाची फी, आणि दुसऱ्या बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळेल असं त्याला वाटणारा भाव, त्यातून चाळीतली सड आणि वजनातली घट वजा. त्याचा खर्च म्हणजे यातलं जे तो सोडून देतो ते, त्याच्या डोळ्यांना दिसलं तसं, त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी निर्यातबंदीची बातमी आली तर तो खर्च तुला कुठल्याही वहीत सापडणार नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेम्स ब्युकॅननने १९६९ साली खर्च आणि निवड यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात हा विचार शेवटपर्यंत नेलेला आहे. ते वाच आणि प्रश्नावली नव्याने आख. ‘किती खर्च आला?’ याच्या जोडीला ‘त्या दिवशी आणखी काय करता आलं असतं, आणि त्याचं काय होईल असं वाटलं होतं?’ हे विचार. आणि ते निर्णयाच्या आसपासच विचार. सहा महिन्यांनी विचारलंस तर निकाल माहीत झालेला माणूस उत्तर देईल.

मीझेसकडे येऊ. १९१२ चा पैशावरचा ग्रंथ तुला जड गेला असं कळवलं आहेस. अडचण कुठे आहे ते समजलं की पुस्तक उलगडतं. धान्याचं मूल्य पोपटांपर्यंत नेता येतं, पैशाचं कुठे नेणार? पैसा तर त्याने काय विकत मिळतं यासाठीच हवा असतो. म्हणजे क्रयशक्ती आधी ठाऊक असल्याशिवाय पैशाची मागणी समजत नाही, आणि मागणीशिवाय क्रयशक्ती समजत नाही. सीमांत उपयोगिता पैशाला लावता येणार नाही, असं तेव्हाच्या अनेकांना वाटत होतं ते या चक्रामुळे. मीझेसची तोड अशी की आजची मागणी कालच्या क्रयशक्तीच्या अनुभवावर उभी असते, कालची परवाच्या, आणि असं मागे जात जात आपण त्या दिवसाशी पोहोचतो जेव्हा ती वस्तू पैसा नव्हती, केवळ तिच्या गुणासाठी हवी होती. पैसा कुण्या राजाच्या हुकमाशिवाय व्यवहारातूनच कसा उपजला, हे मेंगरने १८९२ च्या निबंधात दाखवलं होतंच.

इथे एक दुवा तुझ्या आराखड्यातून सुटलाय आणि मराठी वाचकासाठी तो मोलाचा आहे. ऑस्ट्रियाने १८७९ साली खासगी लोकांसाठी चांदीची नाणी पाडून देणं थांबवलं, आणि गुल्डन या तिथल्या चलनाचं मोल त्यातल्या चांदीपेक्षा वर गेलं. हिंदुस्थान सरकारने जून १८९३ मध्ये टांकसाळी तशाच बंद केल्या. त्यानंतर रुपया आधी खाली आला, आणि १८९८ च्या सुमारास १ शिलिंग ४ पेन्सवर जाऊन बसला, चांदीचा भाव मात्र घसरलेलाच राहिला. नाण्याचं मोल त्याच्या धातूत नाही, हे दोन देशांत डोळ्यांदेखत घडलं. मीझेसच्या ग्रंथात ही दोन्ही उदाहरणं येतात. आणि याच रुपयावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रबंध लिहिला, तो १९२३ साली पुस्तकरूपाने आला, तिथले प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह. रुपया स्थिर आहे की नाही हे सोन्याशी असलेल्या विनिमय दरावरून ठरवू नका, देशातल्या माणसाला त्यात काय विकत मिळतं ते बघा, हा त्यांचा आग्रह. आंबेडकर ऑस्ट्रियन संप्रदायाचे नव्हते, तसा ओढूनताणून दावा कुणी केला तर तू करू नकोस. पण एकच घटना दोन विचारपरंपरांनी कशी वाचली हे शेजारी शेजारी ठेवून दाखवलंस, तर ते काम तुझ्याआधी मराठीत झालेलं माझ्या पाहण्यात नाही.

मीझेसच्या १९२० च्या, समाजवादात आर्थिक हिशेब का जमत नाही यावरच्या, निबंधाचं प्रकरण तू छान बांधलं आहेस. एवढंच जोड की तो निबंध व्यक्तिनिष्ठ विचाराचाच परिणाम आहे, वेगळं राजकीय भाषण नाही. मूल्यांचा नुसता क्रम लागतो, बेरीज होत नाही, हे मान्य केलं की हजारो माणसांच्या क्रमांमधून पोलाद रुळांना लावायचं की नांगरांना, हे ठरवायला समान मोजपट्टी उरते ती पैशातल्या भावांची. आणि उत्पादनाच्या साधनांचा बाजारच नसेल तर त्यांचे भाव नाहीत. वाद पटो न पटो, तो कुठून निघाला हे वाचकाला कळलं पाहिजे.

मीझेसच्या खासगी चर्चासत्राचं वर्णन मात्र आणखी रंगव. व्हिएन्नाच्या वाणिज्य मंडळातलं त्याचं कार्यालय, एक आड एक शुक्रवार, संध्याकाळी सात. हायेक, हाबर्लर, माखलुप, मॉर्गनस्टर्न. आणि त्यांच्यात तत्त्वज्ञ फेलिक्स काउफमान, समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झ. नंतर सगळे इटालियन खाणावळीत, तिथून कॅफेत, रात्र चढेपर्यंत. शुट्झचा १९३२ चा ग्रंथ, माणूस आपल्या कृतीला अर्थ कसा देतो आणि दुसऱ्याला तो कसा कळतो याविषयीचा, या टेबलांवरच्या वादांतून घडला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर या कथेत येतो तोही इथूनच. ही मंडळी १९३० च्या दशकात पांगली: हायेक १९३१ साली लंडनला, मीझेस १९३४ मध्ये जिनिव्हाला आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कला, बाकीचे नाझींच्या आधी किंवा मागोमाग. व्हिएन्नात त्यानंतर ती परंपरा तशी उरली नाही.

हायेकचं १९३७ चं ‘अर्थशास्त्र आणि ज्ञान’ हे माझ्या मते तुझ्या प्रबंधाचं शिखर. एका माणसाची निवड मीझेसने तर्काने बांधून दिली, ठीक. पण हजारो माणसांच्या योजना एकमेकींशी जुळतात कशा? पुस्तकं म्हणतात, ‘दिलेल्या माहितीवरून’. हायेक विचारतो, कुणाला दिलेली? अर्थतज्ज्ञाला सगळं दिसतं, शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला आपापला तुकडा. तेव्हा समतोलाचा प्रश्न हा माणसं कसं आणि किती शिकतात याचा प्रश्न होतो, आणि तो नुसत्या तर्काने सुटत नाही. तिथे अनुभव बघावा लागतो. गुरूला न दुखवता गुरूच्या पुढे जायचा हा प्रयत्न होता, हे हायेकने पुढे सांगितलं आहे. १९४५ च्या निबंधातलं कथलाचं उदाहरण सगळे उद्धृत करतात: कथलाची एखादी खाण बंद पडली की कुठे नवा वापर निघाला, हे वापरणाऱ्याला कळायची गरज नाही, भाव चढला एवढं पुरतं आणि तो जपून वापरू लागतो. पण त्याच्या जोडीला १९४३ चा सामाजिक शास्त्रांतल्या तथ्यांवरचा निबंध वाच. हातोडा, औषध, नाणं, यातल्या कुठल्याही गोष्टीची व्याख्या तिच्या वजनाने, आकाराने, रंगाने करून बघ, जमत नाही. लोक तिला काय समजून वापरतात हे आणल्याखेरीज वस्तू ओळखूच येत नाही. गेल्या शतकात अर्थशास्त्रात जी जी महत्त्वाची प्रगती झाली ती व्यक्तिनिष्ठ दृष्टी अधिक सुसंगतपणे लावल्यामुळे झाली, असं हायेकने १९५२ साली लिहिलं ते याच विचाराच्या ओघात.

याच संदर्भात तुझ्या तिसऱ्या प्रकरणातलं एक विधान मला अस्वस्थ करून गेलं. व्यक्तिनिष्ठ विचारात ‘कुणाचंही मत दुसऱ्याइतकंच खरं असतं’ असं तू लिहिलंस. मित्रा, हे कुणी म्हटलेलं नाही. पोपटांवर धान्य उधळावं की नाही यावर अर्थतज्ज्ञ मत देत नाही. पण पोतं गेल्यावर पोपट उपाशी राहतील हे तो ठामपणे सांगतो, आणि ते विधान खरं किंवा खोटं असतं. व्यक्तिनिष्ठ आहे तो अभ्यासाचा विषय. अभ्यास करणाऱ्याला मनाला येईल ते लिहायची मोकळीक त्यातून मिळत नाही. उलट दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायची शिस्त त्याच्यावर जास्तच येते.

तसंच या विचाराला एका राजकीय झेंड्याशी बांधू नकोस. खर्चाचा व्यक्तिनिष्ठ सिद्धांत देणारा वीझर राज्यसंस्थेकडे सहानुभूतीने बघणारा होता, १९१७-१८ मध्ये तो व्यापारमंत्री होता. ब्योम-बावेर्क तीनदा अर्थमंत्री झाला आणि ऑस्ट्रियात चढत्या दराचा व्यक्तिगत प्राप्तिकर आणणाऱ्या १८९६ च्या सुधारणेची तयारी करण्यात त्याचा मोठा हात होता. त्याच्या १९०५-०६ च्या चर्चासत्रात मीझेस आणि शुंपेटरच्या शेजारी ओटो बाउअर आणि हिल्फरडिंग हे मार्क्सवादी बसत. ब्योम-बावेर्कने १८९६ साली मार्क्सवर केलेली टीका तू वापरलीस, तर हिल्फरडिंगचं १९०४ चं उत्तरही वापरायला हवं. विरोधकाला त्याच्या सगळ्यात ताकदीच्या जागी वाचणं, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून मागत आलोय.

शेवटचा टप्पा लाखमानचा. बर्लिनचा हा माणूस १९३३ साली लंडनला आला, हायेकच्या हाताखाली शिकला, आणि पुढे जोहान्सबर्गला आयुष्य काढलं. त्याने विचारलं: गरजा व्यक्तिनिष्ठ, साधनांचं ज्ञान व्यक्तिनिष्ठ, मग अपेक्षा का नाहीत? उद्याचं ज्ञान कुणालाच असू शकत नाही, कल्पना मात्र प्रत्येकाची वेगळी असते. तोच पाऊस, तीच आवक, तीच बातमी, आणि एक शेतकरी चाळ उघडतो, शेजारचा उघडत नाही. एकाच बातमीतून वेगवेगळे अर्थ निघतात. केन्सने १९३६ साली अपेक्षांना केंद्रस्थानी आणलं, आणि ऑस्ट्रियन मंडळींनी तो मुद्दा आपला म्हणून वेळीच उचलला नाही, ही लाखमानची खंत होती. भांडवलावरच्या १९५६ च्या पुस्तकात तो दाखवतो की यंत्रांची आणि इमारतींची बेरीज म्हणजे भांडवल नाही. ती कुणाच्या योजनेत कशी बसतात त्यावर त्यांचं भांडवल असणं अवलंबून. ब्योम-बावेर्कचा सरासरी कालावधी इथे पुरता निकालात निघतो.

जून १९७४ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटमधल्या साउथ रॉयल्टन या छोट्या गावी जी परिषद झाली, तिथे लाखमान आणि मीझेसचे अमेरिकेतले शिष्य कर्झनर आणि रोथबार्ड यांची व्याख्यानं झाली. मीझेसला जाऊन वर्षही झालं नव्हतं, हायेकचं नोबेल चार महिन्यांवर होतं. तिथून लाखमान आणि कर्झनर यांच्यातला मतभेद स्पष्ट होत गेला. कर्झनर म्हणतो, सावध उद्योजक इतरांच्या नजरेतून सुटलेली संधी हेरतो आणि त्यामुळे योजना हळूहळू जुळत जातात. लाखमान विचारतो, भविष्य जर अजून घडायचंच आहे, तर ‘सुटलेली संधी’ आधीपासून तिथे असते कशी? तू दोघांनाही ‘परस्परपूरक’ म्हणून मोकळा झालास. इथे बाजू घे. माझा कौल सांगायचा तर प्रश्न लाखमानचा बरोबर आहे, पण त्याच्या मांडणीत बाजार बहुतेक दिवस बऱ्यापैकी चालतो कसा हे समजत नाही, आणि ते न सांगणारा सिद्धांत मला अपुरा वाटतो. तुझी कांद्याची माहिती इथे खरोखर उपयोगी पडेल. चाळीतला माल कधी काढायचा याबाबत एकाच गावातल्या लोकांचे अंदाज हंगाम सरताना जवळ येतात की फाकतच जातात, हे तू नोंदवून दाखवू शकतोस. व्हिएन्नाच्या ग्रंथालयात बसून ते करता आलं नसतं.

आता कामाचं. मेंगरची पहिली तीन प्रकरणं, मग ब्योम-बावेर्कची मूल्यावरची प्रकरणं, मग वीझर, मग मीझेसचा १९२० चा निबंध आणि त्यानंतरच १९१२ चा ग्रंथ, मग हायेकचे १९३७, १९४३ आणि १९४५ चे निबंध त्याच क्रमाने, आणि शेवटी लाखमान. प्रत्येकाचं वाचून झालं की वहीत एकच प्रश्न लिही: याने माणसाच्या डोळ्यांनी बघणं कुठे थांबवलं? मेंगरची जर्मन भाषा सोपी आहे, वर्षभर शिकलास तर मूळ वाचता येईल. ते नक्की कर. प्रश्नावली उन्हाळी कांदा निघायच्या आत तयार हवी, म्हणून ती आधी पाठव, प्रकरणं मागाहून आली तरी चालतील.

कळावे. लोभ असावा.

तुझा,
सर